साठच्या बोटीला नव्वदचं मशीन

बोट विकत घेताना माणूस रंग बघतो, गाद्या बघतो, छत बघतो, मशीन चालू करून आवाज ऐकतो. सुकाणूच्या बाजूला किंवा मागच्या फळ्याच्या आत एक छोटी पट्टी चिकटवलेली असते, ती मात्र फार कमी जण वाचतात. तिच्यावर तीन आकडे असतात : किती माणसं, एकूण किती वजन आणि जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. पहिल्या दोन आकड्यांची लोकांना निदान थोडी भीती असते. तिसऱ्याची नसते. ‘कंपनी जपून कमीच लिहिते हो, ही बोट नव्वद आरामात घेईल,’ असं सांगणारा एकतरी मेकॅनिक प्रत्येक जेटीवर भेटतो. हा लेख त्या तिसऱ्या आकड्याबद्दल आहे.

मोठं मशीन लावायची इच्छा होण्यामागे नेहमी हौसच असते असं नाही. खाडीच्या तोंडाशी लाटा उठलेल्या असताना बोट पुढे सरकत नाही, तेव्हा ताकद कमी असल्याचा अनुभव खराच असतो. बनाना राइड ओढायची, डॉल्फिन दाखवायला आठ-दहा माणसं न्यायची, तर चाळीसचं मशीन धापा टाकतं. पण बोटमालकांशी बोलताना सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येणारं कारण फार साधं असतं : नव्वदचं जुनं मशीन स्वस्तात मिळालं. हे कारण सगळ्यांत वाईट. बोटीची गरज काय, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही.

आकडा येतो कुठून

हॉर्सपॉवरची मर्यादा अंदाजाने लिहीत नाहीत. याची सगळ्यांत स्पष्ट पद्धत अमेरिकेच्या नियमांत सापडते. तिथे १९७१ च्या बोट सुरक्षा कायद्याखाली वीस फुटांपेक्षा लहान, एका सांगाड्याच्या मोटरबोटींवर ही पट्टी लावणं उत्पादकाला बंधनकारक आहे. गणित घरी करता येण्याइतकं सोपं आहे. बोटीची लांबी आणि मागच्या फळ्याची, म्हणजे ट्रान्समची रुंदी फुटांत मोजायची आणि गुणाकार करायचा.

सोळा फूट लांब आणि मागे सहा फूट रुंद बोट घेऊ. गुणाकार ९६. बोटीला चाक असेल आणि ट्रान्समची उंची किमान वीस इंच असेल, तर या आकड्याची दुप्पट करून नव्वद वजा करायचे : १०२. तो पाचाच्या पुढच्या पटीत न्यायचा, म्हणजे १०५ हॉर्सपॉवर. आता त्याच मापाच्या बोटीला चाक नाही, मशीनचा दांडा हातात धरून चालवायची आहे. मग सूत्र बदलतं : ९६ ची ०.८ पट, वजा २५. उत्तर ५५ वर येतं. आणि बोटीचा तळ सपाट, कडा काटकोनी असतील तर ०.५ पट, वजा १५, म्हणजे जेमतेम ३५.

लांबी-रुंदी तीच, पण मर्यादा १०५, ५५ किंवा ३५. ‘बोट मजबूत आहे, घेईल,’ हे वाक्य अपुरं का, ते या तीन आकड्यांत दिसतं. बोट फुटेल का, एवढाच प्रश्न नसतो. ती वळेल कशी, चालवणाऱ्याच्या हातात राहील का, मागून पाणी आत येईल का, हे सगळं त्या आकड्यात धरलेलं असतं. युरोपात आठ मीटरपर्यंतच्या बोटींसाठी आयएसओ ११५९२ हे वेगळं मानक आहे आणि त्याचा पायाच बोट किती वेगापर्यंत सुखरूप वळवता येते हा आहे.

आपल्याकडे कोकणात, गोव्यात बऱ्याच फायबर बोटी स्थानिक कारखान्यांत बनतात आणि अनेकांवर पट्टीच नसते. पट्टी नाही म्हणजे मर्यादा नाही, असा सोयीचा अर्थ लावू नका. वरचं अमेरिकन गणित आपल्यावर कायद्याने बंधनकारक नाही, पण पट्टी नसलेल्या छोट्या बोटीसाठी पहिली चाळणी म्हणून ते जरूर लावून बघा. मेकॅनिकने सांगितलेला आकडा त्याच्या बराच वर असेल तर तिथेच थांबा.

पाण्यात काय होतं

आधी वजन. चाळीसचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड साधारण शंभर किलोच्या आसपास असतं, एकशे पंधराचं कंपनीप्रमाणे १६० ते १८५ किलो. म्हणजे एक धडधाकट माणूस कायमचा बोटीच्या अगदी शेवटच्या टोकाला टांगून ठेवल्यासारखं. शिवाय मोठी टाकी, मोठी बॅटरी, आणि त्याही बहुतेक वेळा मागेच. ट्रान्समची वरची कड पाण्याजवळ येते, पाणी बाहेर जायची भोकं पाण्याखाली जातात. वेगात असताना हे जाणवत नाही. खरी वेळ येते ती एकदम थ्रॉटल कमी केल्यावर. बोटीने मागे उठवलेली तिचीच लाट पुढे येते आणि खाली बसलेल्या ट्रान्समवरून आत शिरते. शांत पाण्यात, किनाऱ्यापासून पन्नास मीटरवर बोट अशी भरू शकते.

वजनाचा दुसरा परिणाम फारसा कोणाला माहीत नसतो. वीस फुटांखालच्या आउटबोर्ड बोटीत पाणी भरलं तरी ती सपाट तरंगत राहिली पाहिजे, असा अमेरिकेचा नियम आहे. त्यासाठी तळात आणि बाजूंना फोम भरतात. बुडालेल्या बोटीला धरून माणसं तासन्‌तास जिवंत राहू शकतात, ती या फोममुळे. तो किती आणि कुठे भरायचा, हे ठरवताना मशीनचं वजन धरलेलं असतं. त्याहून साठ किलो जड मशीन लावलं की पाणी भरल्यावर बोट मागून खाली जाते आणि नाळ आभाळाकडे करून उभी राहते. उभ्या, गुळगुळीत फायबरला धरायचं कुठे?

वेगाचं गणितही बघा. पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीचा वेग ताकदीच्या प्रमाणात वाढत नाही, साधारण ताकदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. क्राउच यांचं सूत्र म्हणून बोटबांधणीत हे प्रसिद्ध आहे. साठच्या जागी नव्वद लावलं, म्हणजे ताकद दीडपट केली, तर वेग फार तर बावीस टक्के वाढेल, तोही नव्या मशीनचं जास्तीचं वजन धरलं नाही तर. पंचवीस नॉटची बोट तीसपर्यंत जाईल. पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, ती मात्र पूर्ण दीडपट होते. पाच नॉटसाठी हा सौदा मला कधीच पटलेला नाही.

पारंपरिक लाकडी होडी असेल तर तेवढंही पदरात पडत नाही. पाणी कापत जाणारी, खोल तळाची होडी स्वतःच्या लाटेत अडकते. पाण्यालगतच्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ गुणिले १.३४, एवढे नॉट ही तिची व्यवहारातली मर्यादा. वीस फुटांना सहा नॉट. पुढे कितीही मोठं मशीन लावा, मागची बाजू खाली बसेल, नाळ वर उठेल, पेट्रोल जळेल आणि मागच्या होड्यांना लाटा बसतील.

ताबा सुटतो तो बहुधा वळणावर. जास्त ताकदीने बोट आपल्या तळाच्या आकाराला न झेपणाऱ्या वेगात जाते. मग नाळ वर-खाली आपटू लागते, किंवा बोट एका कडेवरून दुसऱ्या कडेवर डोलू लागते. अशा वेळी घाबरून चाक फिरवलं की एक कड पाण्यात रुतते आणि बोट गर्रकन वळते. माणसं बाहेर फेकली जातात. दांड्याने चालवायच्या बोटीत तर पंख्याचा उलटा जोर थेट मनगटावर येतो. हात सुटला की मशीन एका बाजूला पूर्ण वळतं आणि रिकामी बोट गोल-गोल फिरत पाण्यात पडलेल्या माणसाकडे परत येते. म्हणून मशीन बंद पाडणाऱ्या किल स्विचची लाल दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली असलीच पाहिजे. अमेरिकेत सव्वीस फुटांखालच्या बोटींवर १ एप्रिल २०२१ पासून ती वापरणं सक्तीचं झालं. आपल्याकडे ती पुष्कळदा स्विचमध्ये खोचून मशीनलाच गुंडाळून ठेवलेली दिसते.

आणि खुद्द ट्रान्सम. फायबरच्या दोन थरांत प्लायवुड असतं. बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपून ते आतून कुजतं, बाहेरून चकचकीतच दिसतं. अशा ट्रान्समवर दीडपट जोर आला की कोपऱ्यांत केसासारख्या भेगा पडतात. त्या दिसल्या तर रंग मारून झाकू नका.

जबाबदारी कोणाची

अपघात झाल्यावर पोलीस, विमा कंपनी आणि न्यायालय तिघेही एकच गोष्ट आधी शोधतात : बोट मुळात होती तशी होती का? नसेल तर ती कोणी बदलली? मर्यादेपेक्षा मोठं मशीन लावलं की बोट बनवणाऱ्याच्या जागी तुम्ही जाऊन उभे राहता. त्याने केलेलं गणित तुम्ही मोडलेलं असतं, आणि तुमचं गणित कागदावर कुठेच नसतं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे जलयान चालवण्यासाठी कलम २८२ आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असुरक्षित वा जास्त भरलेल्या जलयानातून भाडं घेऊन माणसं नेण्यासाठी कलम २८४ आहे. वाचायला ही कलमं किरकोळ वाटतात. पण माणूस दगावला की निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचं कलम १०६ येतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि धोका माहीत असूनही बोट चालवली, असं दिसलं तर गोष्ट सदोष मनुष्यवधापर्यंत जाते. पट्टीवर साठ लिहिलेलं असताना नव्वद लावलं, तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायला तुमच्याकडे काय उरतं?

केरळमध्ये तानूरजवळ ७ मे २०२३ रोजी पर्यटकांची बोट उलटून २२ जण गेले, त्यांत बरीच मुलं होती. बोट मासेमारीची होती, ती बदलून प्रवासी केलेली होती आणि तिच्यात खूप जास्त माणसं भरली होती. बोटमालकावर पोलिसांनी खुनाचं कलम लावलं. तिथला दोष मशीनचा नव्हता. पण मनाने फेरफार केलेल्या बोटीकडे तपासयंत्रणा कशी बघते, ते यातून कळावं.

नोंदणीचंही लक्षात घ्या. नदी, खाडी, जलाशय यांतल्या यांत्रिक जलयानांना अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो. त्यात नोंदणी, सर्वेक्षण आणि विमा हे तिन्ही विषय येतात. महाराष्ट्रात सागरी मंडळाकडे आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात जी कागदपत्रं असतात, त्यांत मशीनचा तपशील असतो. मशीन बदललं आणि कागद बदलला नाही, तर सर्वेक्षणाचा दाखला त्या बोटीचा राहत नाही. जलक्रीडेचा व्यवसाय करणाऱ्यांचा परवानाच त्यावर उभा असतो.

सगळ्यांत जास्त गैरसमज विम्याबद्दल आहेत. ‘विमा आहे ना,’ म्हणून लोक निर्धास्त असतात. आपला सागरी विमा कायदा १९६३ चा आहे आणि तो विमेदाराकडून पराकोटीच्या प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवतो. प्रस्ताव अर्जात मशीनची हॉर्सपॉवर आणि बोटीचा वेग विचारलेला असतो. तिथे जुना आकडा ठेवला तर महत्त्वाची माहिती लपवली, एवढं कारण विमा कंपनीला पुरतं. पॉलिसीत मशीनबद्दल किंवा वेगाबद्दल हमी, म्हणजे वॉरंटी असेल, तर प्रकरण आणखी कडक. ही हमी या कायद्याखाली काटेकोर पाळावी लागते, जोखमीशी तिचा संबंध असो वा नसो. ती मोडली त्या दिवसापासून कंपनी जबाबदारीतून मोकळी होऊ शकते. बोट नांगरावर उभी असताना आग लागली, मशीनच्या ताकदीचा काही संबंध नव्हता, हा युक्तिवाद तिथे चालेलच असं नाही. यॉटच्या प्रचलित इन्स्टिट्यूट कलमांत सतरा नॉटपेक्षा जास्त रचनावेगाच्या बोटींना स्पीडबोटीचं वेगळं कलम लागतं. मशीन बदलून तुम्ही ती रेषा ओलांडली का, हे एजंटला लेखी विचारा. फोनवरचं ‘हो साहेब, चालतंय’ दाव्याच्या वेळी कोणाला आठवत नाही.

मशीन बसवून देणाऱ्याला आणि बोट भाड्याने देणाऱ्यालाही यातून सुटका नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये विक्रेत्याने वस्तूत फेरफार केला आणि तो इजेला मुख्य कारण ठरला, तर विक्रेता जबाबदार. उलट, इजा झाली त्या वेळी वस्तूत इतर कोणी फेरफार केलेला होता, तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन-दायित्वाचा दावाच करता येत नाही. म्हणजे तुम्ही स्वतः मोठं मशीन लावलंत आणि पुढे ट्रान्सम तुटला, तर ज्याच्याकडून बोट घेतली त्याच्याकडे बोट दाखवायची सोय तुम्हीच घालवलेली असते.

मिशिगन, मिनेसोटा, न्यूजर्सीकडे तळ्याकाठी घर आणि ट्रेलरवर जुनी बोट, अशी हौस आता बऱ्याच मराठी कुटुंबांना आहे. त्यांनी आपल्या राज्याचा नियम आधी बघावा. अनेक राज्यांत पट्टीपेक्षा जास्त हॉर्सपॉवर लावून बोट चालवणं हाच गुन्हा आहे. आणि जिथे तसा नियम नाही, तिथेही नुकसानभरपाईच्या दाव्यात ती पट्टी वकील पहिल्यांदा पुढे करतो. अमेरिकेत १८५१ च्या एका जुन्या कायद्याने जहाजमालकाला आपली जबाबदारी जहाजाच्या किमतीपुरती सीमित करून मागता येते आणि खाजगी बोटमालकही त्याचा आधार घेत आले आहेत. पण दोषाची मालकाला स्वतःला माहिती असेल तर ती ढाल गळून पडते. मशीन त्यानेच लावलेलं असतं, तेव्हा माहिती नाकारणार कशी? युरोपात चालक-यंत्रणेत मोठा बदल केला तर बोटीची अनुरूपता नव्याने तपासून घ्यावी लागते आणि ती जबाबदारी बदल करणाऱ्यावर येते.

मग करायचं काय

मशीनला हात लावण्याआधी पंखा बघा. पूर्ण थ्रॉटलला मशीन किती आरपीएम घेतं ते नेहमीच्या भाराने मोजा. बहुतेक फोर-स्ट्रोक आउटबोर्डना पाच ते सहा हजारांच्या दरम्यान जावं लागतं, नेमका पट्टा पुस्तिकेत असतो. तुमचं मशीन साडेचार हजारावरच अडकत असेल तर ते लहान नाही, पंख्याचा पिच जास्त आहे. पिच एक इंच कमी केला की दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. बोट लवकर उचलते, बनाना राइड ओढते, वरचा वेग मात्र थोडा कमी होतो. ओढायच्या कामाला तेच हवं असतं. हा बदल नव्या मशीनच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही.

त्यानंतर बोट वजनकाट्यावर घाला. ट्रेलरसह एकदा, रिकाम्या ट्रेलरचं एकदा. जुन्या बोटीतला फोम पाणी पिऊन जड होतो आणि मालक वर्षानुवर्षं ‘मशीन कमी पडतंय’ म्हणत राहतो. तळाला चिकटलेली शिंपलं, शेवाळ खरवडून काढा. मशीन ट्रान्समवर किती उंचीला बसलंय ते तपासा. पंख्यावरची आडवी पट्टी साधारण बोटीच्या तळाच्या रेषेत हवी. वजन पुढे सरकवा : बॅटरी, नांगर, पाण्याचे कॅन. एवढं केल्यावर निम्म्या लोकांची तक्रार संपते, असा माझा अंदाज आहे.

तरीही ताकद खरोखर कमी पडत असेल तर मर्यादेच्या आत राहून मोठं मशीन जरूर घ्या. फार लहान मशीनही धोक्याचंच, विशेषतः ओहोटी आणि लाटा समोरासमोर येतात अशा खाडीच्या मुखाशी. मात्र मशीनचं वजन आणि हॉर्सपॉवर दोन्ही बोट बनवणाऱ्याकडून लेखी मागा. अमेरिकन बोटीवर ट्रान्समच्या उजव्या बाजूला बारा अक्षर-अंकांचा हल नंबर कोरलेला असतो, तो पत्रात लिहा. स्थानिक कारखाना असेल तर त्याच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह. तो लिहून द्यायला कचरत असेल तर तुम्हाला उत्तर मिळालं. दोन मशीन लावायची असतील तर दोन्हींची हॉर्सपॉवर आणि दोन्हींचं वजन बेरजेने धरा. मर्यादा बोटीची असते, प्रत्येक मशीनची वेगळी नाही.

ट्रान्सम तपासायला रबरी हातोडीने सगळीकडे टकटक करा. चांगल्या भागातून कडक आवाज येतो, कुजलेल्यातून मेलेला. मशीन वर उचलून खालच्या टोकाला वर-खाली हलवा आणि ट्रान्सम लवतो का ते दुसऱ्याला बघायला सांगा. एक बोल्ट काढून भोकातून ओला भुसा येतो का बघा. चाकाची केबल नव्या मशीनच्या ताकदीला चालते का, की हायड्रॉलिक स्टिअरिंग लागेल, हेही त्याच वेळी विचारा.

नवं मशीन बसल्यावरची पहिली फेरी मोकळ्या पाण्यात, दोनच माणसांनी, जॅकेट घालून, लाल दोरी अडकवून. पर्यटक, नातेवाईक, मुलं नकोत. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीच्या फेरीवर निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि डझनाहून जास्त माणसं दगावली. नौदलाच्या निवेदनाप्रमाणे नौकेच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि इंजिनातल्या बिघाडामुळे ताबा सुटला. प्रशिक्षित हातांत हे होऊ शकतं, तर शनिवारच्या मांडव्याच्या गर्दीत आपण थ्रॉटल पूर्ण उघडून बघायला नको.

जुनी बोट घेताना मशीनच्या झाकणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. काही कंपन्यांची पंच्याहत्तर, नव्वद आणि एकशे पंधराची मशीन एकाच ब्लॉकवर बनतात, बाहेरून सारखी दिसतात आणि स्टिकर बाजारात मिळतात. ब्रॅकेटवरच्या धातूच्या पट्टीवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर अधिकृत विक्रेत्याकडून पडताळून घ्या. नव्या मशीनच्या संगणकात ते किती आरपीएमला किती तास चाललं याची नोंद असते, तीही काढून मागा. अपघातानंतर विम्याचा सर्वेक्षक हेच करणार असतो.

आणि तुमच्या बोटीवर आधीच मोठं मशीन असेल तर ‘आम्ही हळूच चालवतो’ यावर भागवू नका. वजन हळू चालवल्याने कमी होत नाही आणि कागदावरचा आकडाही बदलत नाही. मशीन उतरवून विका, मर्यादेतलं घ्या, नोंदणी आणि पॉलिसी दोन्हीत बदल करून घ्या. तोवर बोट भाड्याने देऊ नका, मित्राला चालवायला देऊ नका. बोटीसकटच विकायची असेल तर पट्टीवरची मर्यादा आणि लावलेल्या मशीनची हॉर्सपॉवर दोन्ही विक्रीच्या पावतीवर लिहा, घेणाऱ्याची सही घ्या आणि त्या पावतीची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.